वाचक विचारतात : राख, दगड आणि जोंधळा

माणसाची सुरुवात आफ्रिकेत कशी झाली आणि त्या खंडात पुढे कोणकोणती प्राचीन राज्यं उभी राहिली, या विषयावर आलेल्या पत्रांतून आठ प्रश्न निवडले आहेत. ‘हे कळतं कसं?’ असं विचारणाऱ्या पत्रांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : इथिओपियातल्या ‘लूसी’ या मानवपूर्वज मादीचा सांगाडा ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे, असं वाचलं. हाडावर तारीख तर लिहिलेली नसते. मग हा आकडा येतो कुठून? कार्बन-१४ वरून?
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कार्बन-१४ इथे उपयोगाचा नाही. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचा. साधारण ५०,००० वर्षं उलटली की मोजण्याइतका कार्बन-१४ शिल्लकच राहत नाही. लूसीचं हाड तर कुणी थेट मोजलेलंच नाही. मोजली आहे ती तिच्या आसपासची राख.

पूर्व आफ्रिकेतून जाणाऱ्या खचदरीत लाखो वर्षं ज्वालामुखी धुमसत होते. नदी-तळ्यांच्या गाळावर मधूनमधून राखेचा थर पडायचा, त्यावर पुन्हा गाळ साचायचा. हाड गाळात सापडलं, तर त्याच्या खालची राख त्याहून जुनी आणि वरची राख त्याहून नवी. या दोन राखांची वयं काढली की हाडाचं वय दोन्हीकडून कोंडीत सापडतं. लूसी १९७४ साली हदार इथे मिळाली आणि तिचं वय ठरलं ते याच रीतीने.

राखेचं वय पोटॅशियम देतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. त्याचा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं. तो ऱ्हास पावताना शंभरातल्या सुमारे अकरा अणूंचा आर्गॉन-४० होतो, उरलेल्यांचा कॅल्शियम. आर्गॉन हा वायू आहे आणि तो कशाशीही संयोग पावत नाही. खडक वितळलेला असताना तो निसटून जातो, म्हणजे उद्रेकाच्या वेळी घड्याळ शून्यावर येतं. स्फटिक थिजला की आत तयार होणारा आर्गॉन अडकून पडतो. प्रयोगशाळेत राखेतले पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचतात, आम्लाने धुतात, निर्वातात तापवतात आणि सुटलेला वायू वस्तुमान-वर्णपटमापकात मोजतात. हवेतलाही थोडा आर्गॉन चिकटून येतोच. हवेत आर्गॉन-३६ च्या एका अणूमागे आर्गॉन-४० चे सुमारे २९८ अणू असतात, त्या प्रमाणात तो वजा करतात.

आता ही रीत चुकते कुठे? केनियातल्या तुर्काना सरोवराच्या पूर्वेला कूबी फोरा इथे ‘केबीएस’ नावाचा राखेचा थर आहे. १९६९ मध्ये त्याच्या पहिल्या नमुन्याचं वय निघालं २० कोटी वर्षांच्याही वर! राख पाण्यासोबत वाहत येऊन साचली होती आणि वाटेतल्या प्राचीन खडकांचे कण तिच्यात मिसळले होते. नमुना साफ करून पुन्हा मोजला, तेव्हा २६ लाख आलं. १९७२ मध्ये त्या थराखाली मोठ्या मेंदूची ‘१४७०’ क्रमांकाची कवटी मिळाली. २६ लाख वर्षांच्या राखेखाली, म्हणजे ती त्याहून जुनी असणार, आणि असं असेल तर मानवाच्या वंशवृक्षाची सगळी मांडणी बदलावी लागणार होती. शंका आली ती डुकरांमुळे. केबीएसखाली सापडलेल्या रानडुकरांच्या दाढा शेजारच्या ओमो खोऱ्यातल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या दाढांसारख्याच होत्या. दोन ठिकाणी तेच डुक्कर आणि वयात सहा लाखांची तफावत, हे पटण्यासारखं नव्हतं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी नव्याने मोजमापं केली आणि १९८० च्या सुमारास वय १९ लाखांच्या आसपास स्थिरावलं. आता लेसरने एकेका स्फटिकाचा वायू सुटा मोजता येतो. त्यामुळे मिसळलेला जुना दाणा लगेच वेगळा दिसतो.

हीच अडचण आपल्याकडेही आहे. जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडी नदीच्या काठी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख आहे आणि तिच्या सान्निध्यात दगडी हत्यारं मिळाली आहेत. त्या राखेची वयं १४ लाख, पावणेसात लाख आणि ७५ हजार अशी वेगवेगळी मांडली गेली. टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक वेळा झाले आणि बोरीची राख पाण्याने वाहून साचलेली आहे. म्हणून राखेचं वय कुठेही वाचलंत, तर ती जागच्या जागी पडलेली की वाहून आलेली, हे आधी पाहा.

प्रश्न : नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी एका बाजूने धार असलेला काळा दगड दिसला. आफ्रिकेतली आदिमानवाची हत्यारं चित्रात पाहिली आहेत, तसाच वाटतो. माणसाने घडवलेला दगड आणि आपोआप फुटलेला दगड यांतला फरक कसा ओळखायचा?
— वाचक, श्रीरामपूर

उत्तर : नेवासा परिसर यासाठी प्रसिद्धच आहे. तिथल्या चिरकी इथे १९६० च्या दशकात गुडरून कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने उत्खनन केलं आणि हातकुऱ्हाडी, फरशा मोठ्या संख्येने उजेडात आणल्या. याच कॉर्व्हिनस पुढे इथिओपियात हदारच्या मोहिमेत सामील झाल्या. जवळच्याच गोना इथली अतिप्राचीन हत्यारं १९७० च्या दशकात पहिल्यांदा नजरेस पडली, त्यात त्यांचा वाटा होता. गोनाच्या त्या हत्यारांचं वय पुढे सुमारे २६ लाख वर्षं ठरलं. केनियात लोमेक्वी इथे त्याहून जुनी, ३३ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं मिळाली आहेत. ती ओबडधोबड आहेत आणि त्यांतले काही दगड १५ किलोपर्यंत वजनाचे आहेत.

हत्यार ओळखायचं तर ते घडतं कसं ते आधी समजून घ्यावं. डाव्या हातात मुठीपेक्षा मोठा, बारीक पोताचा गोटा घ्यायचा. बेसॉल्ट, गार किंवा चर्ट असा दगड, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो टाकून द्यायचा. उजव्या हातात साधारण अर्ध्या किलोचा गोल हातोडा-दगड. गोट्याच्या ज्या कडेचा कोन ९० अंशांहून कमी आहे, तिथे कडेपासून अर्धा-एक सेंटिमीटर आत तिरका फटका द्यायचा. सगळं जमलं तर खालच्या बाजूने पातळ, धारदार छिलका सुटतो. मांस कापायला बहुतेक वेळा हा छिलकाच वापरत. उरलेल्या गोट्याला गाभा म्हणतात. कोन ९० अंशांच्या पुढे गेला की कितीही जोर लावा, कड फक्त चुरते. जोर कमी पडला तर छिलका अर्ध्यावर तुटतो आणि गाभ्यावर पायरी तयार होते. मग पुढचा प्रत्येक फटका त्या पायरीवर अडतो. अशा पायऱ्या पडल्यामुळे टाकून दिलेले गाभे प्राचीन स्थळांवर पुष्कळ सापडतात. कुणाला करून पाहायचं असेल तर उघड्यावर बसा, चष्मा आणि जाड हातमोजे घाला, मांडीवर चामडं घ्या. गारेची धूळ फुप्फुसांना घातक असते.

आता तुमचा दगड. छिलका असेल तर त्याच्या वरच्या टोकाला फटका बसला ती लहान सपाट जागा दिसेल. तिच्या लगेच खाली, आतल्या अंगाला, बोटाला जाणवणारा फुगवटा असतो. पाण्यात खडा टाकल्यासारखी मंद वर्तुळं त्या फुगवट्यापासून पसरत गेलेली असतात. गाभा किंवा हातकुऱ्हाड असेल तर उलट, खोलगट वण दिसतील. एक-दोन वण नदीही पाडते. सात-आठ वण एकाच कडेने, ओळीने, आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी असतील तर माणसाचा हात असल्याची शक्यता फार वाढते. सगळे वण सारख्याच रंगाचे आणि सारखेच झिजलेले आहेत का तेही पाहा. एखादाच वण ताजा, गडद असेल तर तो नांगराचा किंवा खडी यंत्राचा घाव असू शकतो. खडी यंत्रातून निघालेल्या तुकड्यांवरही सुरेख फुगवटे असतात, म्हणून रस्त्याकडेच्या भरावातला दगड पुराव्याला चालत नाही.

दख्खनच्या दगडाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपला काळा पाषाण हवापाण्याने कुजतो, त्यामुळे जुन्या हत्यारांवरचा फुगवटा आणि वर्तुळं पुसट होतात. आकाराची सममिती आणि कडेची ठेवण यांवरच भर द्यावा लागतो. आणि एकट्यादुकट्या दगडावरून निष्कर्ष काढू नये. ब्राझीलमधली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटताना नकळत धारदार छिलके पाडतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आसपास गाभे, छिलके, चुरा असं सगळं सापडलं, तर ते घडवण्याचं ठिकाण असण्याची शक्यता मोठी.

दगड उचलून घरी नेऊ नका, ही कळकळीची विनंती. जागेवरून हलला की त्याचं निम्मं मोल संपतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा, दगड पृष्ठभागावर होता की काठाच्या कापातून डोकावत होता ते लिहा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. कापातून डोकावणारा दगड असेल तर आणखी चांगलं, कारण मग तो कोणत्या थरातला ते सांगता येतं.

प्रश्न : माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून शिल्लक कशी?
— वाचक, चिपळूण

उत्तर : आपण आणि चिंपांझी चुलत भावंडं आहोत. आजोबा एक म्हणून चुलत भाऊ काही आपला बाप होत नाही. दोघांचा समाईक पूर्वज ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही थोडा आधी आफ्रिकेत होता. तो आजचा माणूसही नव्हता आणि आजचा चिंपांझीही नव्हता. त्याची खूण आपल्या पेशीत आहे. चिंपांझीला गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळून झालं आहे, आणि एरवी फक्त टोकांना आढळणारा डीएनए त्याच्या मधोमध आजही सापडतो.

प्रश्न : सगळी मानवजात आफ्रिकेतल्या एका स्त्रीपासून झाली, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. तेव्हा जगात एकच बाई होती का?
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : नाही. तिच्या काळी हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांच्यातल्या अनेकींचा वारसाही आपल्यात आहे. गोंधळ होतो तो मायटोकाँड्रियाच्या डीएनएमुळे. पेशीतल्या या कणांना स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा छोटा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. मुलाला मिळतो, पण मुलगा तो पुढे देत नाही. एखाद्या बाईला चार मुलगे झाले आणि मुलगी झाली नाही, तर तिची नातवंडं भरपूर असतील, पण तिचा मायटोकाँड्रियल धागा तिथेच संपेल. एकच मुलगी असलेल्या घराचं आडनाव पुढे चालत नाही, त्याचंच हे उलट रूप समजा. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या एकेक धागा तुटत गेला आणि आज उरलेले सगळे धागे मागे नेले की ते साधारण दीड ते दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका आफ्रिकन स्त्रीपाशी मिळतात. आपला बाकीचा सगळा डीएनए इतर हजारो पूर्वजांकडून आलेला असतो.

आफ्रिका हेच मूळ का म्हणायचं, तर या वृक्षाच्या सर्वांत जुन्या फांद्या तिथेच आहेत. त्यांना एल-० पासून क्रमांक दिले आहेत. त्यांतल्या एल-३ या एकाच फांदीला फुटलेले एम आणि एन हे दोन फाटे बाहेरच्या जगभर पसरले. भारतात एम शाखेची माणसं सर्वांत जास्त आहेत. म्हणजे डोंबिवलीतल्या कुठल्याही इमारतीत ती भेटणार.

प्रश्न : सुदानमध्ये इजिप्तपेक्षा जास्त पिरॅमिड आहेत, हे खरं का? ते इजिप्तची नक्कल आहेत का?
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : संख्येचं खरं आहे. सुदानमध्ये दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत. नक्कल म्हणणं मात्र त्या लोकांवर अन्याय करणारं आहे.

नाईलच्या दक्षिण भागातल्या नुबियात केर्मा इथे इ.स.पू. २५०० ते १५०० या काळात मोठं राज्य होतं. तिथली ‘देफूफा’ नावाची मातीच्या विटांची भक्कम वास्तू आजही सुमारे १८ मीटर उंच उभी आहे. इजिप्तने ते राज्य जिंकलं, काही शतकं ताब्यात ठेवलं, आणि पुढे पारडं फिरलं. नुबियातल्याच कुश देशाचा राजा पिये इ.स.पू. ७२८ च्या सुमारास उत्तरेकडे चालून गेला आणि त्याने इजिप्त जिंकलं. त्याच्या विजयाचा कोरीव शिलालेख जेबेल बर्कल इथे मिळाला. त्यात एक जागा मनाला लागते. हर्मोपोलिस शहर शरण आल्यावर पिये तबेल्यात जातो, उपाशी ठेवलेले घोडे पाहतो आणि शत्रूच्या इतर अपराधांपेक्षा यावर जास्त चिडतो. एल-कुर्रूच्या राजस्मशानात २४ घोडे रीतसर पुरलेले सापडले आहेत, त्यामुळे ते शब्द नुसते दरबारी वाटत नाहीत. पियेच्या वंशातला तहार्का इ.स.पू. ६९० ते ६६४ या काळात इजिप्त आणि कुश दोन्हींवर राज्य करत होता. पुढे असिरियनांच्या स्वाऱ्यांनी ही सत्ता इजिप्तबाहेर गेली. कुशचं राज्य मात्र दक्षिणेत मेरोई इथे आणखी सुमारे हजार वर्षं चाललं.

आता बांधकाम. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा उतार सुमारे ५२ अंशांचा, मेरोईच्या पिरॅमिडांचा ७० अंशांच्या आसपास. गिझाला दफनाची खोली पिरॅमिडच्या पोटात आहे. मेरोईत ती जमिनीखाली खडकात खोदलेली असते, पूर्वेकडून पायऱ्यांनी उतरावं लागतं. दफन झाल्यावर पायऱ्या बुजवत आणि पिरॅमिड त्यानंतर वर चढवत. पूर्वेला पूजेची लहान खोली. उतार इतका उभा का, याचं पटणारं उत्तर फ्रीडरिश हिंकेल यांनी तिथल्या डागडुजीच्या कामातून दिलं. बांधकामाच्या मध्यभागी लाकडी खांब रोवायचा, त्यावर एका टोकाला वजन बांधलेली आडवी दांडी बसवायची. नाईलकाठी पाणी उपसायला वापरतात तीच युक्ती. या दांडीने दगड वर घ्यायचे. दांडी जितकी लांब पोहोचेल तितकाच तळ रुंद करता येतो. अशा रीतीने पाया आटोपशीर राहिला आणि उतार उभा झाला.

बाहेरून घडीव वालुकाश्म आणि आत दगडगोटे-माती, ही त्यांची कमकुवत बाजू. बाहेरचं कवच फुटलं की आतला भराव सरकतो. १८३४ मध्ये जुझेप्पे फेर्लिनी या इटालियन माणसाने खजिन्यासाठी तिथले पिरॅमिड फोडले. अमानिशाखेतो राणीचे सोन्याचे दागिने त्याला मिळाले, ते आज बर्लिन आणि म्युनिकच्या संग्रहालयांत आहेत. मेरोईच्या फोटोंत दिसणारी कित्येक तुटकी शिखरं ही माणसाने केलेली नासधूस आहे. त्यात आता वाऱ्यासोबत येणारी वाळू उरलेला दगड घासत असते.

मेरोईला लोखंडही मोठ्या प्रमाणावर गाळलं जाई. तिथे लोखंड गाळल्यावर उरलेल्या मळीचे प्रचंड ढीग आहेत. त्यातला कोळसा तपासला तर तो जवळजवळ सगळा एकाच झाडाचा निघाला : बाभूळ, आपल्या बांधावर असते तीच जात. जड लाकूड, टिकाऊ निखारा आणि भट्टीत लवकर न चुरणारा कोळसा, हे सगळं बाभळीत मिळतं. शतकानुशतकं इतर झाडं सोडून तीच निवडली, म्हणजे भट्टीवाल्यांना इंधनाची पक्की जाण होती. त्यांची २३ चिन्हांची स्वतःची लिपी होती. १९११ पर्यंत फ्रान्सिस ग्रिफिथ यांनी तिचे उच्चार लावले. मजकूर मोठ्याने वाचता येतो, पण मोजक्या शब्दांपलीकडे अर्थ लागत नाही. मेरोईबद्दल पुढचं मोठं काही कळायचं असेल तर ते या लिपीतूनच कळेल.

प्रश्न : कल्याण-सोपाऱ्याचा आफ्रिकेतल्या प्राचीन राज्यांशी प्रत्यक्ष संबंध होता का?
— वाचक, वसई

उत्तर : होता. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्र ते भारत या प्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली. तिच्यात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही आपली गावं आहेत, तसंच आजच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावरचं अदुलिस बंदरही आहे. अदुलिसहून आत तीन दिवसांवर हस्तिदंताची पेठ आणि तिथून आणखी पाच दिवसांवर अक्सुम, म्हणजे आजच्या इथिओपियातल्या त्याच नावाच्या राज्याची राजधानी. अदुलिसला उतरणाऱ्या मालात भारतातलं लोखंड, पोलाद आणि सुती कापड नोंदलेलं आहे, आणि परतीला हस्तिदंत, कासवाची पाठ, गेंड्याचं शिंग. इथिओपियात डेब्रे डामो मठाजवळ १९४० मध्ये शंभराच्या आसपास कुषाण सुवर्णनाणी मिळाली.

अक्सुमने तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःची सोन्याची नाणी पाडली आणि अखंड दगडाचे प्रचंड स्तंभ उभारले. सर्वांत मोठा ३३ मीटर लांबीचा, सुमारे ५२० टन वजनाचा. तो आडवा पडला आहे, बहुधा उभारतानाच कोसळला असावा. कारण पायाशी दिसतं : इतक्या उंचीला जमिनीत गाडलेला भाग जेमतेम तीन मीटर होता. २४ मीटरचा दुसरा स्तंभ १९३७ मध्ये इटलीने रोमला नेला. तो २००५ मध्ये तीन तुकड्यांत परत आला आणि २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

प्रश्न : ज्वारी-बाजरी आपल्या मातीतली नाही, आफ्रिकेतून आली, असं सांगतात. हजारो वर्षांपूर्वीचा दाणा कसा सापडतो?
— शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : मंगळवेढ्याहून जोंधळ्याबद्दल पत्र आलं याचा मनापासून आनंद झाला. होय, जोंधळा सुदानचा. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. आजच्या मालीमध्ये इ.स.पू. २५०० च्या सुमारास ती शेतात होती. नाचणी इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातली, आणि चवळीसुद्धा आफ्रिकेचीच. ही पिकं भारतात साधारण इ.स.पू. २००० नंतर पोहोचली. त्यानंतरच्या जवळजवळ चार हजार वर्षांत आपल्या शेतकऱ्यांनी ती निवडून-निवडून आपली केली. तुमची मालदांडी ज्या ‘दुर्रा’ गटात मोडते, त्याचा मोठा भाग भारतातच घडला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत.

सर्वांत जुना पुरावा दाण्याचा नाही, मडक्याचा आहे. पूर्व सुदानात कसालाजवळच्या एका वस्तीतली खापरं इ.स.पू. ३५०० ते ३००० या काळातली आहेत. कुंभाराने माती घट्ट व्हावी म्हणून खळ्यावरचा भुसा तिच्यात मळला होता. भाजताना भुसा जळून गेला, पण त्याचे ठसे मातीत राहिले. त्या ठशांत रबरासारखं द्रव्य ओतून साचा काढला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाहायचं काय, तर कणसापासून सुटलेल्या तुसाचा बुंधा. रानजोंधळ्याचा दाणा पिकला की आपोआप झडतो, त्याचा बुंधा गुळगुळीत आणि साफ असतो. शेतातला जोंधळा झडत नाही, मळणीत तोडावा लागतो, म्हणून बुंधा फाटलेला, खडबडीत दिसतो. न झडणारी कणसं घरी येत आणि त्यांचंच बियाणं पुन्हा पेरलं जाई. असं पिढ्यान्‌पिढ्या झालं की रान पिकात बदलतं. कसालाच्या खापरांत दोन्ही तऱ्हेचे ठसे आहेत, म्हणजे तो बदल तेव्हा चालू होता.

दाणे शोधायची रीत वेगळी. चूल किंवा राखेच्या खड्ड्यातली दहा-वीस लिटर माती घेऊन ती पाण्याच्या पिंपात हळूहळू सोडतात. जळून कोळसा झालेले दाणे तरंगतात. ते पाव मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीत धरतात. चाळणी जाड असली तर नाचणी निसटते. ओला माल उन्हात ठेवला तर दाणे तडकून चुरा होतात, म्हणून कापडात बांधून सावलीत वाळवायचा. न जळलेला दाणा मिळाला तर तो पुराव्यात धरत नाहीत. मुंग्या आणि उंदीर कालपरवाचं धान्य खोल बिळात नेतात. शंका असेल तर त्या एकाच दाण्याचं कार्बन-१४ वय काढतात, त्याला काही मिलिग्रॅम पुरतात. नाचणीबाबत विशेष जपावं लागतं. भारतातल्या काही जुन्या स्थळांवरची ‘नाचणी’ पुन्हा तपासल्यावर इथलंच दुसरं बारीक तृणधान्य निघाली आहे.

प्रश्न : सातवीच्या मुलांना लाख वर्षं म्हणजे किती, हे मैदानावर कसं दाखवू?
— शिक्षिका, सातारा

उत्तर : ७० मीटरची रेघ आखा. एक मीटर म्हणजे एक लाख वर्षं, एक सेंटिमीटर म्हणजे हजार वर्षं. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, म्हणून टेपने मोजून फक्कीने रेघ मारा. मैदान लहान असेल तर ३५ मीटरची रेघ घ्या आणि सगळे आकडे निम्मे करा.

‘आज’च्या टोकापासून ७० मीटरवर चाडमध्ये मिळालेली तूमाई कवटी. ३६.६ मीटरवर टांझानियात लाएटोलीच्या ओल्या राखेत उमटलेली दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं. ३२ मीटरवर लूसी, २६ मीटरवर गोनाची हत्यारं. ३.१५ मीटरवर मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची माणसं, आपल्याच जातीची आजवर मिळालेली सर्वांत जुनी. प्रत्येक खुणेवर एकेक विद्यार्थी उभा करा.

एक चूक हमखास होते. सरळ रेघ पाहून मुलांना वाटतं की एकाचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा होत गेला. म्हणून शेजारी रंगीत फक्कीने समांतर रेघा काढा. २७ मीटरपासून १२ मीटरपर्यंत पॅरान्थ्रोपस, मोठ्या दाढांची वेगळी शाखा, जी तिथेच संपली. साधारण चार मीटरपासून ४० सेंटिमीटरपर्यंत निअँडरथल. आता मुलांना २० मीटरवर आडवी रेघ मारायला सांगा आणि ती किती रेघांना छेदते ते मोजायला लावा.

शेवटचे दहा सेंटिमीटर फक्कीत मावणार नाहीत. त्यांच्यासाठी तिथे एक मीटर लांब कागदाची पट्टी ठेवा आणि दसपट मोठं प्रमाण घ्या, म्हणजे एक सेंटिमीटरला शंभर वर्षं. त्यावर सुदानचा जोंधळा ५५ सेंटिमीटरवर, गिझाचा मोठा पिरॅमिड ४६ वर, पियेची स्वारी साडेसत्तावीसवर, अक्सुमची पहिली नाणी साडेसतरावर, आणि शिवराज्याभिषेक साडेतीनवर.